गावच्या फेरीचे पैसे कोणी मोजायचे?

मुक्कामाची एसटी संध्याकाळी साडेसातच्या पुढे कधीतरी गावात शिरायची आणि देवळासमोरच्या मोकळ्या जागेत लागायची. चालक-वाहक हातपाय धुऊन कुणाच्या तरी ओट्यावर बसायचे, सोबतचे डबे उघडायचे, कुणी पिठलं आणून द्यायचं. मग दोघंही गाडीतच, सीटवर आडवे. पहाटे साडेपाचला इंजिन सुरू झालं की सगळ्या आळीला जाग यायची. त्या पहिल्या गाडीनं जाणारे डबे मला फार आठवतात. तालुक्याला खोली घेऊन शिकणाऱ्या पोरांचे डबे. आया ते फडक्यात घट्ट बांधून, गाठीत चिठ्ठी खोचून वाहकाच्या हाती द्यायच्या: ‘भाऊ, स्टँडवर पोरगा येईल घ्यायला.’ संध्याकाळच्या गाडीनं रिकामे डबे परत यायचे. फडकं वेगळ्या पद्धतीनं बांधलेलं असायचं, त्यावरून आईला कळायचं की पोरानं स्वतः बांधलंय.

ती फेरी फायद्यात होती की तोट्यात, हा प्रश्न तेव्हा गावात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आता विचारला जातो तो फक्त हाच.

जून २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन खात्यानं एसटीच्या आर्थिक स्थितीवर श्वेतपत्रिका काढली. महामंडळाचा साचलेला तोटा १०,३२२ कोटी रुपये, आणि मागच्या ४५ वर्षांत नफ्याची वर्षं फक्त ८. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत दहा हजार कोटींचा आकडा आला. मला मात्र ४५ पैकी ८ हा आकडा जास्त बोलका वाटतो. इतक्या वर्षांत सगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली, डिझेलचे भाव वरखाली झाले, भाडेवाढी झाल्या, अध्यक्ष आणि अधिकारी बदलले. तरीही ३७ वर्षं तोटाच झाला असेल, तर त्याचं खापर नुसतं कुणाच्या निष्काळजीपणावर फोडून भागणार नाही. दोष एसटीच्या मांडणीतच आहे, आणि ती मांडणी कोणी केली ते पाहायला हवं.

१ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. दोन वर्षांनी, १९५० मध्ये, संसदेनं रस्ता परिवहन महामंडळ कायदा केला. देशातली बहुतेक राज्य परिवहन महामंडळं याच कायद्यावर उभी आहेत. त्याच्या कलम १८ नं महामंडळावर कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसूत्र वाहतूक सेवा देण्याचं कर्तव्य टाकलंय. कलम २२ म्हणतं, महामंडळानं व्यापारी तत्त्वानं काम करावं. म्हणजे पोच सगळीकडे हवी आणि हिशोब दुकानाचा हवा. डोंगरातल्या पंधरा उंबऱ्यांच्या वाडीला ‘पुरेशी’ सेवा व्यापारी तत्त्वानं कशी द्यायची, याचं उत्तर त्या कायद्यात नाही. व्यवहारात ते उत्तर एका न लिहिलेल्या तडजोडीनं दिलं गेलं. टप्प्याटप्प्यावर प्रवासी चढवत-उतरवत गाडी चालवायचा हक्क राज्यात जवळजवळ सगळीकडे एकट्या एसटीला मिळाला. पुणे-मुंबई, पुणे-कोल्हापूर, नाशिक-मुंबई अशा भरभरून वाहणाऱ्या रस्त्यांवर जे चार पैसे सुटायचे, त्यातून गावागावांतल्या अर्ध्या रिकाम्या फेऱ्या निघायच्या. पुण्याहून कोल्हापूरला जाणारा प्रवासी नकळत भुदरगडच्या एखाद्या वाडीची गाडी चालवत होता. ‘रस्ता तिथे एसटी’ ही पाटी या तडजोडीच्या जिवावर उभी राहिली.

ही तडजोड मोडली, पण मोडली असं कुणी जाहीर केलं नाही. खासगी ट्रॅव्हल्सना परवाना असतो कंत्राटी वाहतुकीचा. एकच गट, एक ठिकाण ते दुसरं ठिकाण, मधे प्रवासी घ्यायचे नाहीत. प्रत्यक्षात शहराच्या प्रत्येक नाक्यावर त्या माणसं भरत राहिल्या, पुढे तर मोबाइलवर सीटसीट विकू लागल्या, आणि सरकारी यंत्रणेनं ते चालू दिलं. प्रवाशाला आरामाची गाडी मिळाली, ते चांगलंच झालं. पण भरलेल्या रस्त्यांवरची साय दुसऱ्यानं काढून नेली आणि एसटीच्या पातेल्यात ताक उरलं. त्याच वेळी गावच्या रस्त्यांवर माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपगाड्या आल्या, पश्चिम महाराष्ट्रात वडाप आणि मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळी. मग २०२० ची टाळेबंदी. त्यापाठोपाठ ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ हा एसटी कर्मचाऱ्यांचा संप. एसटीचं राज्य शासनात विलीनीकरण करा, ही मागणी त्रिसदस्य समितीनं नाकारली आणि उच्च न्यायालयानं कर्मचाऱ्यांना २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर येण्याची मुदत दिली. संप मिटला तरी बऱ्याच गावांच्या फेऱ्या काही पुन्हा सुरू झाल्या नाहीत. प्रवासी तोवर दुसऱ्या सोयीला लागले होते आणि गाड्याही कमी झाल्या होत्या.

फेरी कशी बंद होते, हे नीट समजून घेतल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. ‘उद्यापासून तुमच्या गावची एसटी बंद’ असा कागद सहसा कुठे लागत नाही. आधी रविवारची फेरी जाते. मग एखाद्या दिवशी आगारात गाडी नादुरुस्त असते किंवा चालक कमी पडतो, आणि कुठली तरी एक फेरी रद्द करायची वेळ येते. आगार व्यवस्थापकावर उत्पन्नाचा दट्ट्या असतो, त्यामुळे लांब पल्ल्याची गाडी रद्द होत नाही. रद्द होते ती गावची. असं आठवड्यातून दोनदा होऊ लागलं की माणसं त्या गाडीच्या भरवशावर राहत नाहीत. कॉलेजचा पेपर असलेली मुलगी, दवाखान्यात नंबर लावायचा असलेला म्हातारा, दोघंही दुसरी सोय बघतात. प्रवासी घटतात, भारमान, म्हणजे आसनांपैकी भरलेल्यांचं प्रमाण, घसरतं. सहा महिन्यांनी आकडा पाहून वरून विचारणा होते की ही तोट्यातली फेरी चालवायची कशाला. आकडा खरा असतो, पण तो गाडीच्या अनियमितपणातून आलेला असतो आणि वाचला जातो गावाला गाडी नको असल्यासारखा.

भारमानाच्या या आकड्याचा आणखी एक घोळ आहे. गावची गाडी सकाळी तालुक्याकडे जाताना भरते आणि परत गावाकडे येताना रिकामी येते. संध्याकाळी नेमकं उलट. हे कोणत्याही गावाला चुकणार नाही, कारण बाजार, कचेरी, कॉलेज, दवाखाना हे सगळं एकाच टोकाला आहे. ४४ आसनांची गाडी जाताना खचाखच भरली आणि येताना चार माणसं घेऊन आली, तर ८८ आसनांत ४८ माणसं, म्हणजे भारमान ५५ टक्क्यांच्या आत. यापेक्षा चांगलं भारमान त्या गावाला आणताच येणार नाही, कितीही माणसं गाडीची वाट पाहत असली तरी. शिवाय साडेदहाच्या शाळेच्या वेळेची गाडी बघा. दारात लोंबकळेपर्यंत पोरं भरलेली असतात, आणि वाहकाच्या पिशवीत रोख मात्र जेमतेम असते. बहुतेक सगळे पासधारक. मुलींचे पास तर मोफतच. गाडीत पाय ठेवायला जागा नाही आणि त्या फेरीची रोकड मात्र रिकाम्या गाडीएवढी.

सवलतींबद्दल इथेच बोलायला हवं, कारण ‘सवलतींनी एसटी बुडवली’ असंही म्हटलं जातं आणि ‘सवलतींनीच एसटी वाचवली’ असंही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास, मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मं तिकीट. या दोन्ही निर्णयांनी गाड्या भरल्या, यात शंका नाही. बायका माहेरी, बाजाराला, देवाला जास्त जाऊ लागल्या. हे मी आनंदानं लिहितो. उरलेल्या तिकिटाचे पैसे सरकार महामंडळाला देतं. पण ती भरपाई मिळते तिकिटावर. जिथे गाडी आधीच भरून जाते, तिथे सरकारचे पैसेही भरून येतात. जिथे दिवसाला एकच फेरी आहे आणि तीही जायच्या बेतात आहे, तिथल्या बाईला अर्ध्या तिकिटाचा उपयोग काय? तिच्या गावात पन्नास टक्के सवलतही पोचत नाही, कारण सवलत गाडीत बसल्यावर मिळते. सवलतींच्या भरपाईपोटी सरकारचा मोठा पैसा एसटीकडे जातो आहे, आणि त्यातला एकही रुपया अमुक गावची अमुक फेरी चालू राहावी म्हणून दिलेला नाही. माझं म्हणणं सगळं इथे येऊन ठेपतं.

दुसऱ्या बाजूनं तेच सरकार या तिकिटातून वर्षानुवर्षं १७.५ टक्के प्रवासी कर घेत आलंय. एसटीनं टोल भरायचा, डिझेलवरचे कर भरायचे आणि मग अनुदानासाठी मंत्रालयात खेटे घालायचे. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्क्यांची भाडेवाढ झाली. त्याआधीची, ऑक्टोबर २०२१ मधली, सतरा टक्क्यांच्या वर होती. गावच्या फेऱ्यांसाठी भाडेवाढ हा उपाय नव्हेच. माणसं आधीच कमी असलेल्या गाडीत तिकीट वाढवलं तर उरलेली माणसंही वडापच्या पायरीवर जाऊन बसतात.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. घरटी मोटारसायकल आली, गावात पाच-सहा जीपगाड्या आहेत, आता एसटी हवी कुणाला? मोटारसायकल घरात असली तरी ती कुणाच्या हातात असते, ते आपण सगळे जाणतो. अकरावीतल्या मुलीच्या हातात ती नसते. गुडघे धरलेल्या आजीला रक्तदाबाच्या गोळ्या आणायला महिन्यातून एकदा उपजिल्हा रुग्णालयात जायचं असतं. तिला नातू मोकळा होण्याची वाट पाहावी लागते, आणि नातवाचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. वडापवाल्याला मी दोष देत नाही. तो आपल्याच गावचा असतो, रात्री-अपरात्री अडल्यानडल्याला तोच धावतो. पण त्याची गाडी भरल्यावर सुटते, घड्याळावर सुटत नाही. नऊ माणसांच्या जागेत पंधरा बसवल्याशिवाय त्याला परवडत नाही. त्याच्याकडे पास चालत नाही, अर्धं तिकीट नाही, आणि अंधार पडल्यावर दोन माणसांसाठी तो घाट चढत नाही. अपघात झालाच तर टप्पा वाहतुकीचा परवाना नसलेल्या गाडीतल्या प्रवाशाला भरपाईसाठी किती वर्षं झगडावं लागेल, हे वकिलांनाच विचारा. मुलीला बारावीपर्यंत शिकवायचं की दहावीनंतर घरी बसवायचं, हा निर्णय गावाकडे कितीतरी घरांत संध्याकाळच्या गाडीवर ठरतो. सहाची गाडी आहे म्हणजे मुलगी सातला घरी. गाडी नाही म्हणजे रोज सात वाजता बापाच्या जिवाला घोर. सरकारलाही हे ठाऊक आहे. म्हणून तर मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांत विद्यार्थिनींसाठी निळ्या गाड्या दिल्या गेल्या. त्या योजनेत हे तत्त्व मान्य झालेलं आहे की विशिष्ट लोकांसाठी, विशिष्ट वेळेची गाडी चालवायचे पैसे सरकारनं मोजायचे.

एक तुलना करतो. केंद्र सरकारची ‘उडान’ योजना आहे. लहान शहरांना विमानसेवा मिळावी, तिकीट आवाक्यात राहावं, आणि विमान कंपनीला जो फटका बसेल तो भरून काढायचा. त्यासाठी ठरावीक मार्गावर, ठरावीक आसनांमागे, ठरावीक मुदतीसाठी ‘व्यवहार्यता तफावत निधी’ दिला जातो. या योजनेतली पहिली उड्डाणं २७ एप्रिल २०१७ ला सुरू झाली, त्यांत नांदेड-हैदराबाद होतं. त्या उड्डाणासाठी दिलेल्या पैशाला कुणी तोटा म्हटलं नाही. मार्ग चालवून घ्यायचा होता, म्हणून त्याची किंमत मोजली गेली. मला त्या योजनेबद्दल तक्रार नाही. मी एवढंच विचारतो की नांदेडच्याच किनवट-माहूरकडच्या एखाद्या तांड्याच्या गाडीला हाच नियम का लागू नाही? विमानाच्या आसनामागे जी तफावत भरायला आपल्याकडे शब्द आहे, पद्धत आहे, करार आहे, ती एसटीच्या आसनामागे आली की तिचं नाव एकदम ‘संचित तोटा’ कसं होतं?

माझी मागणी म्हणून अगदी साधी आहे. राज्य सरकारनं गावच्या फेऱ्या एसटीकडून करार करून विकत घ्याव्यात. तालुक्यानिहाय आवश्यक फेऱ्यांची यादी व्हावी: प्रत्येक गावाला किमान सकाळची शाळा-कॉलेजची, दुपारची दवाखाना-बाजाराची आणि संध्याकाळी परत आणून सोडणारी. या यादीतली प्रत्येक फेरी चालवायला किलोमीटरमागे किती खर्च येतो आणि तिकिटातून किती येतात, यातला फरक सरकारनं ठरलेल्या दरानं द्यावा. फेरी धावली तर पैसे. नाही धावली तर नाहीत, वर दंड. आज गावची फेरी रद्द केली की महामंडळाचा पैसा वाचतो. अशा करारात ती रद्द केली की बुडेल. आगार व्यवस्थापक चालक कमी पडल्यावर कुठली गाडी आधी रद्द करतो, ते एवढ्या एका बदलानं उलटं होईल. या यादीतली फेरी ग्रामसभेला आधी कळवल्याशिवाय आणि पर्याय दिल्याशिवाय बंद करता येऊ नये. सगळीकडे मोठीच गाडी हवी असंही नाही. वळणाच्या अरुंद रस्त्यावर वीस-पंचवीस आसनांची गाडी वेळेवर आली तर ती मोठ्या गाडीपेक्षा बरी.

केरळनं २०२२ मध्ये ‘ग्रामवंडी’ नावानं यासारखं काही सुरू केलं. ग्रामपंचायतीनं गाडीच्या इंधनाचा खर्च उचलायचा, चालक-वाहकाचा पगार आणि देखभाल महामंडळाची, मार्ग आणि वेळ पंचायतीच्या गरजेप्रमाणे. आपल्या बहुतेक ग्रामपंचायतींना पाणीपट्टी गोळा करतानाच नाकी नऊ येतात, त्यामुळे हा बोजा त्यांच्यावर टाकू नये. तो जिल्हा नियोजनातून आणि राज्याच्या तिजोरीतून यायला हवा. वेळ मात्र गावानं ठरवावी, ही त्यातली गोष्ट घेण्यासारखी आहे. शाळा साडेदहाची आणि गाडी सव्वाअकराची असेल तर ती मोफत पासवरही निरुपयोगी.

पैसे कुठून आणायचे, असं अर्थखातं विचारेल आणि विचारायलाच हवं. पण हा खर्च आजही होतोच आहे, फक्त तो दुसऱ्याच्या खिशातून होतो. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढायचा विचार शिक्षण खात्यानं मांडला. त्यातली बचत पोरांना रोज नेणाऱ्या-आणणाऱ्या गाडीच्या जिवावर आहे. डॉक्टर वाडीपर्यंत जाऊ शकत नाहीत म्हणून रुग्णानं तालुक्याला यायचं, ही आरोग्य खात्याची व्यवस्थाही गाडीच्याच जिवावर. प्रत्येक खातं एसटी आहे असं धरून चालतं आणि तिच्या बिलात वाटा मात्र कोणी उचलत नाही. गाडी गेली की ते बिल आजारी माणसाच्या घरावर जाऊन पडतं, तीनशे-चारशे रुपयांच्या खास गाडीच्या रूपानं.

महामंडळाच्या चुका मी झाकत नाही. वेळेत नव्या गाड्या घेतल्या गेल्या नाहीत. भाडेतत्त्वावरच्या गाड्यांचे करार वादात सापडले. ५,१५० विजेच्या गाड्यांचा २०२३ चा करार रखडला, १,३१० गाड्यांचं कंत्राट थांबवावं लागलं. शहरांच्या मोक्याच्या जागी स्थानकं असून तिथली स्वच्छतागृहं बायकांना वापरता येत नाहीत. सरसकट मदतीचा धनादेश या सगळ्यावर पांघरूण घालतो, म्हणून मी तो मागत नाही. फेरीनिहाय करारात चूक कुठे झाली ते दिसतं. स्थानकांच्या जमिनी विकसित करून सगळं भागेल, या आशेवर मात्र माझा विश्वास नाही. त्या पैशातून आगारं आणि स्थानकं जरूर सुधारा. पण रोज पहाटे सुटणाऱ्या गाडीच्या डिझेलला रोजचाच पैसा लागतो.

आणि ज्यांना वाटतं की हे सगळं बंद करून खासगीवाल्यांवर सोडावं, त्यांनी शेजारी पाहावं. मध्य प्रदेशनं तोट्याचंच कारण देत २००५ मध्ये आपलं परिवहन महामंडळ गुंडाळलं. वीस वर्षं खासगी बसगाड्यांवर राज्य चाललं. जिथे माणसं होती तिथे गाड्या होत्या. आडबाजूच्या गावांना ज्याचं त्यानं बघायचं होतं. २०२५ मध्ये त्याच राज्याच्या मंत्रिमंडळानं सरकारी देखरेखीखाली बससेवा पुन्हा उभी करायला मंजुरी दिली. आपल्याकडे आज २५१ आगारं उभी आहेत, रस्ते माहीत असलेले चालक आहेत, रोज पन्नास लाखांहून जास्त लोक या गाड्यांत बसतात. हे एकदा मोडलं तर पुन्हा उभं करायला किती पैसे लागतील, याचा हिशोब श्वेतपत्रिकेच्या शेजारी ठेवून बघावा.

सरकार करार करेल तेव्हा करेल. तोवर गावानं हातपाय गाळून बसायची गरज नाही. माहितीच्या अधिकारात अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून आपल्या आगाराकडे तीन गोष्टी मागता येतात: मागच्या वर्षभरात आमच्या गावासाठी किती फेऱ्या वेळापत्रकात होत्या, त्यातल्या प्रत्यक्ष किती धावल्या, आणि जी फेरी आता बंद आहे ती कुठल्या तारखेला, कुणाच्या सहीनं बंद झाली. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाकला तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो कागद हातात असेल. तो मोठ्यानं वाचून दाखवावा, बंद फेऱ्यांपुढे कॉलेजला जाणाऱ्या मुलींची संख्या लिहावी, आणि ठराव करून तो आगाराला, तहसीलदाराला आणि आमदाराला एकाच दिवशी पाठवावा.